हद्दीबाहेर गेलेला चेंडू

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर फुटबॉलचा सामना चालला होता आणि आम्ही अध्यापकवर्गांतील दोघेतिघे छत्र्या घेऊन कडेला उभे होतों. खेळ संपण्यास पांचसहा मिनिटें उरलीं होतीं व दोन्ही बाजूंचे गोल सारखे होते. इतक्यांत प्रतिपक्षाच्या पायाला लागून चेंडू कडेच्या रेषेबाहेर गेला. आमच्या संघांतील एका चपळ मुलानें तो उचलला, दोन्ही हातांनीं डोक्यामागें नेला आणि अंगांतला सर्व जोर लावून आंत फेंकला. फेंक सुरेख होती. परंतु पंचाची शिटी वाजली. फेंकतांना मुलाचा मागचा पाय जमिनीवरून उचलला गेला होता. पंचानें चेंडू प्रतिपक्षास दिला, त्यांनीं तो चटकन् आंत घेतला आणि पाहतां पाहतां आमच्यावर गोल झाला. सामना आम्ही हरलों.

खेळ संपल्यावर तो मुलगा चिखलानें माखलेला तसाच आमच्यापाशीं आला. त्याचे डोळे भरून आले होते. तो म्हणाला, “सर, चेंडू त्यांनींच बाहेर घालविला होता ना? मग तो आमचाच होता. माझा पाय बोटभर उचलला गेला म्हणून त्यांचें काय नुकसान झालें? चेंडू फेंकावयाचा हातानें, आणि पंच बघतात पायाकडे!” शेजारी आमचे एक स्नेही उभे होते. ते गणित शिकवितात. ते हंसून म्हणाले, “पायानें खेळावयाच्या खेळांत चेंडू हातानें टाकावयाचा, हेंच मुळीं तर्काला सोडून आहे. पुढचें काय विचारतोस?” आम्हीं त्या मुलाच्या पाठीवर हात ठेविला आणि “अरे, नियम तो नियम” एवढें बोलून त्याला वाटेस लाविलें.

तो गेला, पण आमचें मन स्वस्थ झालें नाहीं. पंचवीस वर्षें आम्ही इतिहास शिकवीत आलों. कोणताहि कायदा समोर आला तर तो कोणत्या भांडणांतून निघाला हें आधीं विचारावें, असें वर्गांत शेंकडों वेळां बजावीत आलों. आणि प्रत्यक्ष एका मुलानें तसा प्रश्न विचारला, तेव्हां आम्हीं त्याला जें उत्तर दिलें तें कोणताहि हवालदार देऊं शकला असता. त्या दिवसापासून या नियमाचा मागोवा घेण्याचा आम्हांस नाद लागला. त्यांतून जी हकीकत हातीं आली ती मनोरंजक तर आहेच, परंतु नियम कसे जन्मतात याचा तो एक लहानसा व फार चांगला नमुना आहे असें वाटल्यावरून ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम हा नियम आज काय म्हणतो तें पाहूं. फुटबॉलच्या सतरा नियमांपैकीं पंधरावा नियम या फेंकीसंबंधीं आहे. खेळाडू तिला ‘थ्रो-इन’ म्हणतात. आम्हीहि तोच शब्द वापरूं. चेंडू जमिनीवरून असो वा हवेंतून असो, सबंधच्या सबंध बाजूच्या रेषेपलीकडे गेला म्हणजे ज्याचा स्पर्श त्याला शेवटीं झाला असेल त्याच्या प्रतिपक्षास थ्रो-इन मिळतो. चेंडूचा थोडा जरी भाग रेषेवर असला तरी तो आंतच समजावयाचा. फेंकणाऱ्यानें मैदानाकडे तोंड करून उभें राहावें. दोन्ही पायांचा कांहीं ना कांहीं भाग रेषेवर किंवा रेषेबाहेरील जमिनीवर टेंकलेला असावा. चेंडू दोन्ही हातांनीं, डोक्याच्या मागून आणून डोक्यावरून फेंकावा. आणि तो जेथून बाहेर गेला तेथूनच फेंकावा. प्रतिपक्षाच्या खेळाडूंनीं त्या जागेपासून निदान दोन मीटर दूर राहावें. दुसऱ्या कोणाचा स्पर्श होईपर्यंत फेंकणाऱ्यानें चेंडूला पुन्हां शिवूं नये. या फेंकीवर थेट गोल होत नाहीं: चेंडू कोणाला न लागतां प्रतिपक्षाच्या गोलांत गेला तर त्यांना गोलकिक, आणि फेंकणाऱ्याच्या स्वतःच्याच गोलांत गेला तर प्रतिपक्षास कॉर्नर. फेंकण्याची रीत चुकली तर थ्रो-इन प्रतिपक्षाकडे जातो. रीत बरोबर असून चेंडू आंत येण्यापूर्वींच जमिनीला लागला, तर मात्र त्याच पक्षानें तो पुन्हां फेंकावयाचा.

वाचकांनीं हीं सर्व कलमें एकामागून एक वाचलीं म्हणजे आमच्या गणिती मित्राप्रमाणें त्यांनाहि वाटेल कीं, हा कोणा तऱ्हेवाईक माणसानें बसविलेला मंत्रविधि आहे. दोनच हात कां? डोक्यावरूनच कां? पाय टेंकलेलेच कां? यांपैकीं एकहि गोष्ट स्वयंसिद्ध नाहीं. आणि त्यांत नवल तें काय? हीं कलमें एका बैठकींत किंवा एका डोक्यांतून निघालेलीं नाहींत. त्यांतील प्रत्येक शब्दामागें एक तंटा आहे आणि तो मिटवितांना कोणी तरी सोडलेला हट्ट आहे.

मूळ अडचण काय होती हें समजण्यासाठीं आपल्या खेळांकडे क्षणभर वळूं. हुतूतूंत हद्द असते ती माणसासाठीं. खेळाडूचा पाय रेषेबाहेर पडला कीं तो बाद झाला, आणि प्रश्न तेथेंच संपला. विटीदांडूंत विटी जितकी दूर जाईल तितकी खेळणाराची कमाई. क्रिकेटांत तर चेंडू सीमेपार गेला म्हणजे मारणाराच्या पदरीं चार धांवा पडतात. फुटबॉलांत यांपैकीं कांहींच होत नाहीं. चेंडू बाहेर गेल्यानें कोणी बाद होत नाहीं आणि कोणाला गुणहि मिळत नाहींत. केवळ खेळ थांबतो. तेव्हां दोन प्रश्न उभे राहतात. तो पुन्हां सुरू करण्याचा हक्क कोणाचा? आणि तो हक्क वापरतांना त्यानें किती लाभ उठवावा? थ्रो-इनचा सगळा इतिहास या दोन प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांतील ईटन, हॅरो, रग्बी इत्यादि प्रत्येक मोठ्या शाळेचा फुटबॉल निराळा होता. एका शाळेंत चेंडू हातांत घेऊन धांवणें हा पराक्रम, तर दुसरींत तोच अपराध. हीं मुलें विद्यापीठांत एकत्र आलीं म्हणजे एकमेकांशीं खेळावें कसें हाच प्रश्न पडे. केंब्रिज येथें यासाठीं समाईक नियम करण्याचे प्रयत्न झाले. त्यांतील १८५६ सालचे नियम आज उपलब्ध आहेत. चेंडू बाजूच्या निशाणांची ओळ ओलांडून गेला तर तो सरळ आंत फेंकावा, असें त्यांत सांगितलें आहे. शेफील्ड येथील क्लब १८५७ सालीं निघाला आणि त्यानें पुढील वर्षीं आपले स्वतंत्र नियम केले. त्यांतहि बाहेर गेलेला चेंडू ज्या पक्षानें आधीं शिवला त्यानें तो रेषेशीं आणून सरळ आंत फेंकावा, असा निर्बंध होता.

येथें एका शब्दाचा उलगडा होतो. बाजूच्या रेषेला इंग्रजींत आजहि ‘टचलाइन’ म्हणजे स्पर्शरेषा म्हणतात. चेंडू रेषेला स्पर्श करतो म्हणून हें नांव पडलें असावें असा आमचा पुष्कळ दिवस समज होता, आणि तो चुकीचा निघाला. रेषेपलीकडे गेलेल्या चेंडूला जो प्रथम हात लावील त्याचा तो चेंडू. त्या स्पर्शावरून ती बाहेरची जागा ‘टच’ झाली व तिची रेषा ‘टचलाइन’ झाली. नियम केव्हांच गेला, पण नांव मागें राहिलें. पेठेच्या नांवांत जुना वार असतो आणि बाजार मात्र त्या वारीं भरत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

लंडनमध्यें २६ ऑक्टोबर १८६३ रोजीं फ्रीमेसन्स टॅव्हर्न या खाणावळींत कांहीं क्लबांचे प्रतिनिधि जमले आणि त्यांनीं फुटबॉल असोसिएशन ही संस्था स्थापिली. तिचे पहिले नियम त्याच वर्षीं डिसेंबरांत मंजूर झाले. त्यांतील पांचवें कलम आपल्या विषयाचें. त्याचा आशय असा: चेंडू बाहेर गेल्यावर जो खेळाडू त्याला प्रथम स्पर्श करील त्यानें तो जेथून बाहेर गेला त्या जागेवरून रेषेशीं काटकोन करून आंत फेंकावा, आणि जमिनीला लागेपर्यंत तो चेंडू खेळांत आला असें समजूं नये. हात एक कीं दोन, डोक्यावरून कीं खांद्याखालून, पाय टेंकलेले कीं उचललेले, याविषयीं चकार शब्द नाहीं.

आमच्या गणिती मित्राच्या आक्षेपाचें उत्तर या १८६३ सालांत आहे. पायाच्या खेळांत हात कोठून शिरला, असें ते विचारतात. वस्तुस्थिति उलट आहे. हात तेथें आधींपासूनच होता आणि पुढें तो हळूहळू बाहेर काढण्यांत आला. १८६३ च्या नियमांप्रमाणें हवेंतला चेंडू हातांनीं झेलण्यास मुभा होती आणि झेल घेणाऱ्यास फ्री किक मिळे. चेंडू हातांत घेऊन पळणें तेवढें त्यांनीं वर्ज्य केलें. याच मुद्द्यावर, आणि प्रतिपक्षाच्या नडगीवर लाथ मारण्याची मुभा काढून घेण्याच्या मुद्द्यावर, ब्लॅकहीथचा क्लब रुसून निघून गेला. हातांत चेंडू घेऊन पळणाऱ्यांनीं पुढें १८७१ सालीं रग्बीची निराळी संघटना उभारली. झेलाची मुभा फुटबॉलांतून १८६६ सालीं गेली. अशा रीतीनें मैदानांतून हात एकेक पाऊल मागें हटत गेला आणि अखेर त्याला दोनच ठिकाणें उरलीं: एक गोलरक्षकाजवळ, आणि दुसरें रेषेबाहेर, जेथें खेळ चाललेलाच नसतो. वाड्याची वाटणी झाली तरी जुन्या विहिरीवरचा हक्क सर्वांचा राहतो, तसा हा उरलेला हक्क आहे. रग्बींत आजहि बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मधून सरळच टाकावा लागतो. एका घराच्या दोन भावांपैकीं एकानें वडिलांची चाल तशीच ठेविली, दुसऱ्यानें बदलली.

ती बदलली कां? ‘जो आधीं शिवेल त्याचा चेंडू’ या तत्त्वांत न्यायापेक्षां पायांचा वेग मोठा ठरतो. ज्यानें चेंडू बाहेर घालविला तोच धांवत जाऊन त्याला प्रथम शिवला, तर फेंकण्याचा हक्क त्यालाच. म्हणजे अडचणींत सांपडलेल्या खेळाडूनें चेंडू बाहेर लाथाडावा, त्यामागें धांवावें आणि आपल्याच कृतीचें बक्षीस आपणच घ्यावें! शिवाय ही शर्यत मैदानाबाहेर व्हावयाची, म्हणजे खेळ थांबलेला असतांना खरी चुरस भलत्याच ठिकाणीं लागावयाची. १८७३ सालीं फुटबॉल असोसिएशननें हें तत्त्व टाकून दिलें आणि ज्या पक्षानें चेंडू बाहेर घालविला त्याच्या प्रतिपक्षास फेंकण्याचा हक्क दिला. पहिल्या प्रश्नाचें उत्तर तेथें कायमचें मिळालें. वेगाचा कायदा गेला व भरपाईचा कायदा आला.

दुसरा प्रश्न मात्र अधिक अवघड निघाला. कारण त्यांत दोन नगरांचा आणि पुढें दोन राष्ट्रांचा अभिमान गुंतला. शेफील्डची असोसिएशन ही लंडनच्या हुकमतीखालीं नव्हती. तिचे नियम निराळे आणि तिचा खेळ जोमदार होता. कॉर्नर किक ही मूळची शेफील्डचीच. लंडननें ती १८७२ सालीं घेतली. शेफील्डनें मध्यंतरीं फेंकणें सोडून चेंडू रेषेवर ठेवून पायानें, हव्या त्या दिशेला, आंत मारण्याची रीत स्वीकारली होती. लंडनकर मात्र हातानें व काटकोनांतच फेंकीत. दोन्ही गांवांचे संघ समोरासमोर आले कीं आधीं नियमांचा सामना करावा लागे. शेवटीं १८७७ सालीं तडजोड झाली. शेफील्डनें पाय सोडला, लंडननें काटकोन सोडला. चेंडू हातानेंच फेंकावयाचा, पण कोणत्याहि दिशेला. दोघांचेंहि अर्धे म्हणणें राहिलें आणि त्या सालापासून शेफील्डनें लंडनचे नियम मान्य केले.

तडजोडींतून नवी अडचण उपजते हा इतिहासाचा नित्याचा अनुभव आहे. काटकोन गेला आणि हात मोकळा झाला. आतां जोरकस खांद्याचा खेळाडू एका हातानें चेंडू वाटेल तितका दूर, थेट गोलाच्या तोंडाशीं, टाकूं लागला. नॉटिंगहॅमचा विल्यम गन हा या कलेंत विशेष गाजला. हा उंचापुरा गृहस्थ पुढें इंग्लंडकडून क्रिकेट व फुटबॉल हे दोन्ही खेळ खेळला. ज्या ‘गन अँड मूर’ कारखान्याच्या बॅटी आमच्या लहानपणीं दुकानाच्या कपाटांत पाहून आम्ही हळहळत असूं, तो कारखाना १८८५ सालीं काढणारांपैकीं हाच गन. त्याच्या एकहाती फेंकीमुळेंच नियम बदलावा लागला असें परंपरेनें सांगतात. परंपरेला माणूस लागतो हें खरें. तथापि कारण एका माणसाहून मोठें होतें. खेळ थांबला असतां मिळालेली सवलत ही चालू खेळांतील कौशल्याहून अधिक फलदायी ठरूं लागली, तर खेळाचा तोलच जातो. भरपाई ही भरपाईइतकीच असावी, लूट होऊं नये.

त्याच वेळीं इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यांतहि याच बाबतींत वाद होता. या दोन राष्ट्रांचा पहिला अधिकृत सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजीं ग्लासगो येथें झाला होता व पुढें ते दरवर्षीं खेळूं लागले होते. परंतु फेंकीचा नियम दोघांचा दोन तऱ्हांचा. इंग्लंडचा आग्रह दिशेच्या मोकळिकीचा, स्कॉटलंडचा आग्रह दोन हातांचा. ६ डिसेंबर १८८२ रोजीं मँचेस्टर येथें इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व आयर्लंड या चौघांच्या असोसिएशनांची परिषद भरली. तेथें पुन्हां शेफील्डचाच मार्ग सांपडला: दिशा इंग्लंडची, हात स्कॉटलंडचे. चेंडू दोन्ही हातांनीं, डोक्यावरून, कोणत्याहि दिशेला फेंकावा. आज जगांतील गल्लोगल्लीं मुलें ज्या विचित्र आविर्भावानें चेंडू डोक्यामागें नेतात, तो आविर्भाव या तहाची खूण आहे. हे चौघे पुढें २ जून १८८६ रोजीं नियम करण्याच्या कायम मंडळाच्या रूपानें लंडनमध्यें जमले. तें मंडळ आजहि आहे आणि जगाचे फुटबॉलचे नियम तेंच ठरवितें.

पायांचें कलम याच विचारांतून पुढें आलें. दोन हातांनीं बांधलेला खेळाडू उडी घेऊन किंवा एका पायावर झेपावून हरवलेला जोर परत मिळवूं पाहतो. म्हणून मंडळानें त्याचे पायहि जमिनीला बांधले. या कलमाचे शब्द वरचेवर बदलले. एके काळीं पाय रेषेवरच असावे लागत, आतां ते रेषेवर किंवा रेषेबाहेर असले तरी चालतात. हेतु मात्र तोच राहिला. आंत जाणारा चेंडू खेळाडूच्या हातून यावा, पण खेळाडूच्या सर्व देहाची शक्ति त्यामागें नसावी. “पायाचा आणि फेंकण्याचा संबंध काय?” या आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर हें आहे. संबंध आहे, आणि तो त्याच्या स्वतःच्या कमरेंत व पाठींत आहे. अंगांतला सर्व जोर लावण्यासाठींच तर त्याचा पाय उचलला गेला होता.

परंतु नियम करणारे केवळ एका बाजूनें दोरी आंवळीत बसले असें समजूं नये. भरपाई फार कमी पडूं लागली तेव्हां त्यांनीं ती वाढविलीहि. पूर्वीं थ्रो-इनवरहि ऑफसाइडचा नियम लागू असे. त्यामुळें फेंकणाऱ्या पक्षाचे पुढचे गडी अडकून पडत, आणि बचाव करणाऱ्यास चेंडू खुशाल बाहेर लाथाडणें फायद्याचें होई. १९२० सालीं थ्रो-इनपुरता ऑफसाइडचा नियम काढून टाकण्यांत आला. शिक्षेचेंहि तसेंच. १९३१ सालापर्यंत फेंकण्याची रीत चुकल्यास प्रतिपक्षास सरळ फ्री किक मिळे. पाय घसरला एवढ्या अपराधाला ही सजा जड होती. त्या सालीं ती हलकी करून, चुकलेली फेंक प्रतिपक्षानें फेंकावी एवढ्यावर आणली. १९३८ सालीं स्टॅन्ले राउस यांनीं सर्व नियमांची नवी मांडणी करून त्यांचीं सतरा कलमें केलीं, आणि तेव्हांपासून थ्रो-इन पंधराव्या घरांत नांदत आहे.

त्यानंतरचे फेरबदल लहान असले तरी त्याच दोन प्रश्नांभोंवतीं फिरतात. चेंडू जेथून गेला तेथून न फेंकतां चार पावलें पुढें सरकून फेंकण्याची संवय बळावली, म्हणून १९८७ सालीं चुकीच्या जागेवरून टाकलेली फेंक ही चुकीची फेंक ठरविली. आपल्याच गड्यानें फेंकलेला चेंडू गोलरक्षकानें हातांत घेऊन वेळ काढण्यास १९९७ सालीं बंदी झाली. फेंकणाऱ्याच्या अगदीं तोंडासमोर उभें राहून अडथळा करणाऱ्यास २००५ सालीं दोन मीटर मागें सारलें. शेफील्डची जुनी कल्पनाहि एकदां डोकावून गेली: १९९३ सालीं जपानांत झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेंत फेंकण्याऐवजीं चेंडू पायानें आंत मारण्याचा प्रयोग करण्यांत आला. तो प्रयोग मोठ्या मैदानांत टिकला नाहीं. पायानें मारलेला चेंडू फार दूर जातो. प्रत्येक वेळीं तो गोलासमोर उंच उडविण्याचा मोह आवरत नाहीं, आणि बाजूची रेषा म्हणजे दुसरा कॉर्नर होऊन बसतो. छपराखालीं लहान जागेंत खेळल्या जाणाऱ्या फुटसाल या धाकट्या खेळांत मात्र चेंडू पायानेंच आंत मारतात.

माणसाची युक्ति नियमाच्या चौकटींतहि आपली वाट काढते. स्टोक सिटीच्या संघांतील रोरी डेलॅप हा शाळेंत असतां भालाफेंक करीत असे. २००८ च्या सुमारास त्याच्या दोन्ही हातांच्या, पूर्ण कायदेशीर, पण गोलासमोर सपाट येणाऱ्या फेंकींनीं इंग्लंडांतील भल्या भल्या संघांची तारांबळ उडविली. गनचा एक हात नियमानें बांधला, त्याचा वारसदार सव्वाशें वर्षांनीं दोन हातांनीं परत आला! २०१८ सालीं तर लिव्हरपूलच्या संघानें केवळ थ्रो-इन शिकविण्यासाठीं थॉमस ग्रोनेमार्क या डॅनिश गृहस्थाची नेमणूक केली. त्याचा भर दूर फेंकण्यापेक्षां चेंडू आपल्याच गड्याच्या ताब्यांत सुखरूप कसा राहील यावर होता. म्हणजे नियमानें जी मर्यादित भरपाई देऊं केली होती, ती नीट पदरांत घेणें हीच विद्या ठरली.

नियम बारकाईनें न समजल्यास काय घडतें याचें एक उदाहरण देऊन हा भाग संपवितों. १६ सप्टेंबर २००२ रोजीं बर्मिंगहॅम सिटी व ॲस्टन व्हिला या एकाच शहरांतील संघांचा सामना होता. व्हिलाच्या ओलोफ मेलबर्ग यानें थ्रो-इन घेऊन चेंडू आपल्याच गोलरक्षकाकडे, पीटर एन्केलमनकडे, टाकला. एन्केलमननें तो पायानें थोपविण्याचा प्रयत्न केला, पण चेंडू पायाखालून सरकून गोलांत गेला. आतां चेंडूला त्याचा स्पर्श झाला नसेल तर नियमाप्रमाणें बर्मिंगहॅमला केवळ कॉर्नर मिळावयाचा. स्पर्श झाला असेल तर गोल. पंच डेव्हिड एलेरे यांनीं स्पर्श झाला असें मानून गोल दिला. त्यावर पुढें पुष्कळ चर्चा झाली. आम्हांस त्यांत रस वाटतो तो एवढ्यासाठीं कीं, हजारों प्रेक्षकांना त्या वेळीं प्रथमच कळलें, कीं थ्रो-इनवर थेट गोल होत नाहीं हा नियम स्वतःच्या गोलालाहि लागू आहे. भरपाईनें मिळालेल्या चेंडूवर कोणी थेट जिंकूं नये, तसें कोणी थेट बुडूंहि नये.

असो. आतां आपल्या देशाकडे येऊं. फुटबॉल येथें गोऱ्या पलटणींबरोबर आला. सिमल्यास ड्युरंड चषकाची स्पर्धा १८८८ सालीं सुरू झाली, मुंबईस रोव्हर्स चषकाची १८९१ सालीं. कलकत्त्याची इंडियन फुटबॉल असोसिएशन १८९३ सालची. हीं सालें ध्यानांत घेतलीं म्हणजे एक गोष्ट उघड होते. शेफील्डचा तह झाला होता, मँचेस्टरची परिषद झाली होती, कायम मंडळहि बसलें होतें. हीं भांडणें मिटल्यावर मग या स्पर्धा आपल्या मैदानांवर सुरू झाल्या. आपल्या हातीं नियम आले ते तयार, घडीव, छापील. त्यांच्यासाठीं कोणी काय सोडलें हें आपणांस दिसलें नाहीं. त्यामुळें ते आपणांस आज्ञेसारखे वाटले, आणि आज्ञा एक तर मुकाट्यानें पाळावयाची असते किंवा संधि सांपडली तर चुकवावयाची असते. ज्या नियमांच्या घडणींत आपण बसलों ते आपणांस असे वाटत नाहींत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ च्या सुमारास खोखोचे नियम कागदावर आणले, तेव्हां आपल्याकडेहि गांवोगांवच्या चालींतून कांहीं घ्यावें व कांहीं सोडावें लागलें. ते नियम आपणांस परके वाटत नाहींत, कारण तीं भांडणें आपलीं होतीं.

आमच्या मतें फुटबॉलच्या थ्रो-इनपेक्षां मोठ्या पुष्कळ गोष्टींत आपलें असेंच झालें आहे. घटना, कायदे, विद्यापीठांचे व सभांचे नियम, यांतील कित्येक आपण तयार स्वरूपांत घेतले. ते वाईट आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळ तर उत्तम आहेत. परंतु ज्याला तडजोडीची आठवण नाहीं त्याला नियमाचा आदर वाटत नाहीं, भीति तेवढी वाटते. आणि भीति पंचाची पाठ फिरेपर्यंतच टिकते. ही आठवण मुलांस करून देणें हें काम पंचाचें नव्हे. तें आमच्यासारख्या शिक्षकांचें आहे, आणि त्या पावसाळी संध्याकाळीं आम्हीं तें टाळलें.

म्हणून कांहीं दिवसांनीं त्या मुलास आम्हीं घरीं बोलाविलें आणि वर लिहिलेली हकीकत थोडक्यांत सांगितली. १९३१ पूर्वीं तुझ्या त्या बोटभर पायाबद्दल फ्री किक झाली असती, हें ऐकून तो हंसला. मग थोडा वेळ विचार करून म्हणाला, “सर, म्हणजे पंचांचें बरोबर होतें. पण शिकवितांना आम्हांस कोणी सांगितलेंच नाहीं. ‘पाय उचलूं नका’ एवढेंच सांगितलें.” यावर आम्ही काय बोलणार? चहा येईपर्यंत आम्ही दोघेहि गप्प होतों. यंदा नवीन मुलांस पहिल्या दिवशीं मैदानावर घेऊन जाण्याचें त्यानें आपण होऊन पत्करलें आहे, आणि चेंडू हातीं देण्याआधीं शेफील्ड आणि मँचेस्टर यांच्या गोष्टी सांगण्याचा त्याचा बेत आहे.